ठाव

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
शहात्तर सेंटिमीटरवरून सोडायचा
आणि मोजायचं, किती घावांत पाइप किती आत गेला.
पहिले पंधरा सेंटिमीटर धरायचे नाहीत.
खणताना दुखावलेली माती नीट बोलत नाही.
पुढच्या तिसांचे घाव, तेवढेच खरे.

टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो म्हणतात.
इथे जमिनीचा आकडा होतो.

सित्रा, बहरैन. पहाटे साडेचार.
जूनमध्ये याहून उशीर परवडत नाही.
गुलजमीन यंत्रावर, मोफज्जल रॉड पुसतोय,
मी डोक्याला ओढणी गुंडाळून
फळीवरचा कागद वाऱ्याला आवरतेय.
वाचनालय होणार आहे, तीन मजली.
मुलांचा विभाग तळमजल्यावर, नकाशात झाडंसुद्धा काढलीत.
खाली सगळी समुद्रातून उपसून टाकलेली वाळू.
एकोणीस वर्षं झाली टाकून,
अजून तिला जमीन म्हणायला जीभ रेटत नाही.

भोक क्रमांक चार.
दीड मीटर: सात.
तीन मीटर: चार. करडी वाळू, शिंपल्यांचा चुरा, बाटलीचं एक निळं बूच.
साडेचारला तीन.
सहावर गुलजमीनने हातोडा उचललाच नव्हता,
रॉड आपल्याच भाराने उतरत गेला,
कुणी झोपेत जिना उतरावा तसा.
मी शून्य लिहिलं.
शून्यालाही आमच्याकडे रकाना आहे.

कुंपणापलीकडे हाजी मकी.
रोज प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतो, यंत्राकडे तोंड करून बसतो.
अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत म्हणाला,
तिथे तुम्हाला तळ लागायचा नाही. तिथे कौकब होता.
कौकब म्हणजे तारा.
समुद्राच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा फुटतो
त्याला हे लोक तारा म्हणतात.
त्याचा बाप बुडी मारून
पखालीचं तोंड त्या उमाळ्यावर धरायचा
आणि भरली की मुठीत आवळून वर यायचा.
खाऱ्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही,
ही सगळी कला.

आमच्या जतला मामा पाणाड्या होता.
तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फिरायचा,
पाण्यावर आला की नारळ उभा.
इंजिनिअर झाले त्या वर्षी मी भांडले त्याच्याशी,
नारळाला काय कळतं म्हणून.
नारळाला नाही गं, म्हणाला, पायाला कळतं.

दुपारी नमुना मीटरखाली धरला.
खारट. पण बाकीच्या तीन भोकांहून कमी.

साडेअकरा मीटरवर खडक लागला,
चुनखडीचा, वाळवीने खाल्लेल्या दारासारखा.
मीटरभर कापला की पेटीत वीतभर येतो.
धड दगड सतराच्या खाली.
मी लिहिलं: खांब एकवीस मीटर, सल्फेट सोसणारं सिमेंट,
चार नंबरवर खांब नको, दोन मीटर सरकवावा,
वरून तुळई न्यावी.
शेऱ्यात लिहिलं: स्थानिक माहितीनुसार जुना झरा.
कचेरीतून डिमेलोंचा फोन,
शेऱ्यात गोष्टी नकोत, पोकळी लिही.
लिहिलं पोकळी.
खांब मात्र सरकवला त्यांनी. मुकाट्याने.

शेवटच्या दिवशी भोकं बुजवायची असतात.
मोफज्जलने दोरीला डबा बांधून
चार नंबरचं पाणी वर काढलं, गढूळ, ओंजळभर.
मी नको म्हणायच्या आत
मकीने बोट बुडवून जिभेला लावलं.
काही बोलला नाही.
उरलेलं बाटलीत ओतून घेतलं
आणि बाटली खुर्चीखाली सावलीत ठेवली.

मग आम्ही सिमेंटचं पातळ कालवण सोडायला लागलो.
हिशेबाने नऊ पोती पुरायला हवी होती.
सव्विसावं फोडलं
तेव्हा गुलजमीन भोकावर ओणवा होऊन
बॅटरी मारून बघत होता,
आणि खालून अजून
काहीच वर येत नव्हतं.